तांदळात लिहिलेली बाई

माझी दोन नावं आहेत. एक वडिलांनी ठेवलेलं, दुसरं सासरी तांदळात लिहिलेलं. दोन्ही इथे सांगणार नाही. कोर्टात ती इतक्या परक्या तोंडांनी इतक्यांदा उच्चारली गेली आहेत की आता ती पुन्हा कुणाच्या हातात द्यायची माझी इच्छा नाही. सासूबाई मला 'धाकली' म्हणतात, नवरा 'अगं' म्हणतो, बालवाडीतली पोरं 'बाई' म्हणतात. तिन्ही हाकांना मी ओ देते आणि माझं भागतं. अडलं होतं ते फक्त सरकारचं.

लग्न साताऱ्याकडे, सासरच्या गावात झालं. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून समोर आणून ठेवले. थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं नाव एकच होतं. एका घरात एका नावाच्या दोघी कशाला, हाक मारली की दोघी धावतील आणि चुलीवरचं दूध उतू जाईल, असं सासूबाईंचं म्हणणं. मग नवऱ्याने बोटातली अंगठी काढली आणि तांदळात रेघा ओढत नवं नाव लिहिलं. ते कुणी निवडलं, कधी निवडलं, मला माहीत नव्हतं. मला विचारायचं असतं हेही कुणाच्या डोक्यात नव्हतं, अगदी माझ्यासुद्धा. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. गंमत अशी की जे नाव नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, त्या नावाने त्याने मला कधीच हाक मारली नाही. त्याला 'अगं' पुरत होतं. मग कशाला हवा होता तो खटाटोप?

नवरा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी. गोणी काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. आम्ही बैठ्या घरांच्या सेक्टरात एका खोलीत राहायचो. दहावीपर्यंत शिकले होते म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये मी बालवाडी चालवायला लागले. सेक्टरच्या मागे, खाडीच्या अंगाला एक वस्ती होती. तिथल्या बायका मार्केटात कांदे निवडायला जायच्या, सडके वेगळे, चांगले वेगळे, आणि जाताना पोरं माझ्याकडे सोडायच्या. त्या वस्तीला नळ होता, पण संडास नव्हता. पुरुषांचं कुठेही भागत होतं. बायका उजाडायच्या आत खारफुटीत जायच्या आणि मग दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून. एकीला पावसाळ्यात तिथे साप चावला. ती वाचली, पण तिची पोरगी बालवाडीत आठवडाभर एक अक्षर बोलली नाही. त्या दिवसापासून मी या संडासामागे लागले.

कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्या बायका रोज बुडवून माझ्याबरोबर यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. आतले साहेब गोड बोलायचे. निवडणूक होऊ द्या, तुमचा नगरसेवक येऊ द्या, मग त्याच्याकडे मागा, असं सांगायचे. आणि खरंच, नव्या महापालिकेची पहिली निवडणूक लागली. चिठ्ठ्या काढल्या त्यात आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. वस्तीतल्या बायका संध्याकाळी माझ्या दारात आल्या. ज्या बाईला साप चावला होता ती म्हणाली, "बाई, आता मागायचं कुनाकडं? तुमीच उभ्या ऱ्हावा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहा पीत होता. "राहा की," म्हणाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे ज्यांचा मला संताप आला त्या पुरुषांत तो नाही.

आमच्या भागात एक ठेकेदार होता. वॉर्ड राखीव निघायच्या आधीच त्याने स्वतःचे बॅनर लावले होते. चिठ्ठीने त्याचं नाक कापलं म्हणून तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच बॅनरवर कोपऱ्यात त्याच्या बायकोचा पासपोर्ट साइजचा फोटो चिकटला. त्याचा फोटो तेवढाच मोठा राहिला. बायकोला मी ओळखत होते. भाजी घेताना भेटायची, हसायची. उमेदवारी मिळाल्याचं तिला बॅनर बघून कळलं असावं.

अर्जाबरोबर वयाचा पुरावा लागत होता. मी शाळेचा दाखला जोडला. दाखल्यावर वडिलांनी ठेवलेलं नाव आणि माहेरचं आडनाव. मतदारयादीत तांदळातलं नाव आणि सासरचं आडनाव. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आमच्या सेक्टरात ज्या घरात बघाल त्या घरात अशाच बायका होत्या.

अर्जांची छाननी होती त्या दिवशी हॉल पुरुषांनी भरला होता. महिला वॉर्डाची छाननी, आणि बायका आम्ही तिघी-चौघी. ठेकेदाराचा वकील उठला. म्हणाला, साहेब, यादीत नाव आहे ती बाई एक आणि दाखल्यावरची बाई दुसरी. यादीतल्या बाईच्या वयाचा पुरावाच नाही. ती एकवीस पूर्ण आहे कशावरून?

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाखल्याकडे पाहिलं.

"ही कोण?" त्याने दाखल्यावर बोट ठेवलं.

"मीच."

"आणि यादीतली?"

"तीही मीच."

"मॅडम, तसं सांगून चालत नाही ना. पुरावा काय?"

माझ्या मागे उभा असलेला नवरा पुढे आला. मार्केटात वजन ओरडायची सवय, त्यामुळे त्याचा आवाज अख्ख्या हॉलभर गेला. "साहेब, मीच लिहिलंय यांचं नाव. तांदळात. लग्नात." हॉल हसला. चांगला पोटभर हसला. त्या हसणाऱ्यांत एकही असा नसेल ज्याने स्वतःच्या लग्नात ताटात अंगठी फिरवली नव्हती.

ठेकेदाराच्या बायकोचंही नाव लग्नात बदललेलं होतं. हे मला त्याच हॉलमध्ये कळलं, कारण तिच्या अर्जाला राजपत्राचं कात्रण जोडलेलं होतं. नाव बदलल्याची रीतसर नोंद, छापील. तिच्या नावावर दोन गाळे घ्यायचे होते म्हणून ठेकेदाराने ती नोंद फार आधी करून ठेवली होती. म्हणजे गाळा घ्यायचा असला की बायकोचं नाव पक्कं करायचं, नाहीतर तांदूळ पुरेत. मी प्रतिज्ञापत्र करून आणते म्हटलं. अधिकाऱ्याने घड्याळ दाखवलं. वेळ संपली होती. अर्ज बाद.

वस्तीतल्या बायका बाहेर उन्हात उभ्या होत्या. त्यांना काय सांगू? तुमची बाई सरकारला सापडली नाही, असं सांगू? मी एवढंच म्हटलं की कोर्टात जाऊ.

आमची वकीलबाई वाशीतलीच, नुकतीच सनद मिळालेली. "ताई, बिलकूल टेन्शन नका घेऊ, एकदम साधी केस आहे," म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. आम्ही आधी वरच्या कोर्टात गेलो. तिथे आम्हाला जेमतेम चहा थंड होईल इतका वेळ मिळाला. निवडणूक एकदा सुरू झाली की कोर्ट मध्ये हात घालत नाही, होऊन जाऊ द्या, मग अर्ज करा, असा नियम सांगण्यात आला. वकीलबाईने बाहेर येऊन तो मला समजावला. निवडणुका कोर्टात अडकून पडू नयेत म्हणून तो केला आहे, चांगल्या हेतूने. असेल. पण मला उभंच राहायचं होतं. निवडणूक होऊन गेल्यावर उभं कुठे राहायचं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही.

ठेकेदाराची बायको निवडून आली. आम्ही खालच्या कोर्टात निवडणुकीला आव्हान दिलं आणि तारखा सुरू झाल्या. कधी समोरचा वकील आजारी, कधी त्याच्या घरात लग्न, कधी न्यायाधीशांची बदली आणि नव्या न्यायाधीशांसमोर सगळं पहिल्यापासून. मी बालवाडीला सुट्टी द्यायची, सासूबाईंना गावाहून बोलावून घ्यायचं, आणि तासन्‌तास बसल्यावर आतून पुढची तारीख यायची. तिकडे नगरसेविकेच्या खुर्चीत तिचा नवरा बसायचा. लोक त्यालाच 'नगरसेवक' म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. त्याने वस्तीच्या तोंडाशी कमान उभारली, तीवर स्वतःचं नाव घातलं. कमानीखालून बायका पहाटे खारफुटीत जात राहिल्या.

दरम्यान कोर्टात शिरताना माझं नाव पुकारलं जायचं ते असं : हे नाव, ऊर्फ ते नाव. तोपर्यंत 'ऊर्फ' मी फक्त पेपरात वाचलं होतं, दरोडेखोरांच्या बातम्यांत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लाजेने मान खाली गेली. नंतर मान वर करून चालायला लागले.

सासूबाईंची साक्ष झाली तो दिवस मी विसरणार नाही. सगळी भिस्त त्यांच्यावर होती. माझे वडील वारले होते, लग्न लावणारे भटजीही गेले होते. नाव बदलणारी बाई स्वतः सांगणार, की ही तीच. वकीलबाईने त्यांना आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं. सासूबाई नऊवारी नेसून, नथ घालून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोरच्या वकिलाने विचारलं, "ही कोण?"

"आमची धाकली."

"नाव काय?"

"धाकलीच म्हंतो आमी."

"तुम्ही नाव बदललं म्हणता. मग बदलायच्या आधी काय होतं?"

सासूबाईंनी नथ सारखी केली. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की त्यांना आठवत नाहीये. "व्हतं काईतरी चांगलंच," त्या म्हणाल्या. "थोरलीचं हाय तेच व्हतं."

"मग थोरलीचं काय?"

"तिला थोरली म्हंतो."

कोर्ट हसलं. लिहून घेणारा कारकूनसुद्धा हसला. मी नाही हसले. इतकी वर्षं या बाईच्या हाताखाली मी भाकऱ्या थापल्या, तिची आजारपणं काढली, आणि ज्या नावाने मी तिच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं ते तिच्याकडे नव्हतं. मुद्दाम विसरल्या नव्हत्या त्या. त्यांना ते कधी लागलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात जाऊबाई डबा उघडून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर फणफणले. म्हटलं, तुमच्या नावापायी माझं नाव गेलं आणि सासूबाईंना तुमचंही सांगता येत नाही! जाऊबाईंनी चपातीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "माजं कुठलं गं ते? ते बी हितलंच. माज्या लग्नात ठेवलेलं."

मला क्षणभर कळेना त्या काय म्हणतायत. मग कळलं. ज्या नावाला जागा करून देण्यासाठी माझं नाव काढून घेतलं, ते नाव जाऊबाईंचंही नव्हतं. त्यांचंही वडिलांनी ठेवलेलं नाव असंच एका ताटात पुसलं गेलं होतं, आणि त्या जागी जे आलं ते योगायोगाने माझं निघालं. मी विचारलं, मग तुमचं खरं काय? त्यांनी सांगितलं. एका घरच्या सुना वीस वर्षं आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होते. छान नाव होतं. आम्ही दोघी तिथे बसून चपाती-भाजी खाल्ली. भाजीत मीठ कमी होतं, आणि त्यावरूनही मी चिडले.

माझी उलटतपासणी पुढच्या तारखेला झाली. वकील सभ्य होता, अहो-जाहो करत होता.

"नाव बदलताना तुम्ही हरकत घेतली होती का?"

"लग्नात नवरीला कोण विचारतं?"

"म्हणजे हरकत घेतली नव्हती."

"नाही."

"म्हणजे तुम्ही ते पहिलं नाव राजीखुशीने सोडलंत. मग आता त्या नावाचा दाखला तुम्ही कसा वापरता?"

तेव्हा गप्प बसले होते तर ती माझी संमती ठरली. आता बोलत होते तर तो पुरावा ठरत नव्हता.

"बरं, ज्या तांदळात नाव लिहिलं, ते तांदूळ आता कुठे आहेत?" त्याने हसत विचारलं.

"खाल्ले असतील," मी म्हटलं. "घरात तांदूळ ठेवून काय करतात?"

त्यावर न्यायाधीशांनी वर पाहिलं. तोपर्यंत ते खाली मान घालून लिहीत होते. या कोर्टात कुणी मला बाई म्हणून पाहिलं असेल तर ते तेव्हा, असं मला वाटलं.

आणि निकाल माझ्या बाजूने लागला. हो, जिंकले मी. लग्नात बाईचं नाव बदलायची चाल इतकी जुनी आणि घरोघरची आहे की ती कोर्टाला वेगळी सिद्ध करून दाखवायची गरज नाही, दोन्ही नावांची बाई एकच आहे, आणि अर्ज बाद करणं चूक होतं, असं न्यायाधीशांनी ठरवलं. वकीलबाईने माझा हात दाबला. मग न्यायाधीशांनी पुढचं वाचलं. पाच वर्षांची मुदत आता संपतच आली आहे, पुढची निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे ही निवडणूक रद्द करून काही साधणार नाही. अर्ज निकाली.

वकीलबाई म्हणाली की ताई, हा निकाल पुढच्या बायकांना उपयोगी पडेल. तिचं खरं असेल. त्याच सुमारास देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितल्याचं पेपरात आलं होतं, की बाप हयात असतानाही आई मुलाची पालक असू शकते. माझ्या बालवाडीत रोज सकाळी दरवाजाशी पोरांची नाकं पुसून जाणाऱ्या त्या कोण होत्या मग? मोठमोठी डोकी वर्षानुवर्षं विचार करतात आणि शेवटी आम्हाला सांगतात की तुम्ही आहात. आम्ही होतोच. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो.

पुढच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड राखीव राहणार नाही, अशी कुजबुज होती. ठेकेदाराने पुन्हा स्वतःच्या फोटोचे बॅनर शिवायला टाकले. बायकोचा फोटो कोपऱ्यातूनही गेला. ती भाजीच्या गाडीशी भेटली तेव्हा म्हणाली, "सुटले बाबा मी." मला तिचा राग येईना, याचाही राग आला.

निकालानंतर महिन्याभरात धाकट्या दिराचं लग्न झालं. तोही मार्केटातच कामाला, म्हणून लग्न इथेच सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि नवी नवरी उतरली आमच्याच घरात. खोली पाहुण्यांनी गच्च भरली होती. ओट्यापाशी मी आणि जाऊबाई जेवणाचं बघत होतो. नवरी येणार म्हणजे धाकली ती होणार आणि मी मधली, हे सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं. तर आता आणखी एक नाव.

सासूबाईंनी ताट आणलं. तांदूळ एकसारखे पसरलेले, कडेला हळदकुंकू. कुण्या जाणकाराने अमुक अक्षर शुभ म्हणून सांगितलं होतं आणि त्यावरून नाव काढून ठेवलं होतं. दिराने अंगठी काढली. नवरी मान खाली घालून बसली होती, मी बसले होते तशीच.

मी हात पुसले, गर्दीतून वाट काढत गेले आणि ताट उचललं.

"आगं, काय करतीस?" सासूबाई म्हणाल्या.

"भात कमी पडतोय."

"आन् नाव?"

"तिला हाय की एक."

कुणी काही बोलायच्या आत मी ओट्यापाशी आले होते. तांदूळ पातेल्यात ओतले, दोनदा धुतले. पाणी हळदीने पिवळं झालं, ते मोरीत गेलं. जाऊबाईंनी स्टोव्ह पेटवला आणि मोजून आधण ठेवलं. मागे खोलीत कुजबुज चालू होती, कुणी म्हणालं की कोर्टात जाऊन जाऊन हिचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच. दिराने थोडा वेळ अंगठी हातात धरली आणि परत बोटात घातली. नवऱ्याने बाहेरून मोठ्याने विचारलं, "पंगत घ्यायची का?" तेवढ्याने सगळे हलले.

भात झाला, पंगत बसली. सासूबाई गाल फुगवून बसल्या होत्या, पण भात खाल्ला त्यांनी. वाढताना वरण कमी पडलं तेव्हा त्यांनी नव्या सुनेला हाक मारायला तोंड उघडलं आणि त्या अडल्या. धाकली म्हणायची जीभ अजून माझ्यासाठी वळत होती. नवं नाव लिहिलंच गेलं नव्हतं. मग त्यांनी शेजारी बसलेल्या विहीणबाईंना विचारलं, "काय हो हिचं नाव?" विहीणबाईंनी सांगितलं. सासूबाईंनी त्या नावाने हाक मारली.

पोरगी लगेच ओ देऊन उठली आणि वरणाचं पातेलं घ्यायला माझ्यापाशी आली. मी तिच्या हातात पातेलं दिलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले. जाऊबाईंना वाटलं आनंदाने. आनंदाने नव्हे. विचारलं की कळत होतं, इतकंच होतं ते सगळं.